विश्वामित्रीचा काठ मातीचाच राहू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर विश्वामित्री नदीचं काय करायचं यावर बडोद्यात जो तो बोलतोय आणि बहुतेकांच्या डोळ्यासमोर अहमदाबादचा रिव्हरफ्रंटच आहे, दोन्ही बाजूला सिमेंटच्या भिंती, वर वॉकवे, लायटिंग. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या नदीत मगरी राहतात, भर शहरात, आणि त्या मातीच्या उतारात बिळं करतात, उन्हाळ्यात तिथेच अंडी घालतात. भिंत बांधली की त्यांना वर यायला जागाच उरत नाही आणि पुराचं पाणी कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, पसरायचं तेही बंद.

दुसरं म्हणजे अकोटा, बडोद्यातलाच नदीकाठचा भाग. आता अकोटा म्हटलं की लोकांना ब्रिज आणि स्टेडियम आठवतं, पण इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात वडपद्रक, म्हणजे आपलं बडोदं, हे अंकोट्टकच्या, म्हणजे जुन्या अकोट्याच्या, ८४ गावांपैकी एक गाव म्हणून दान दिलंय, म्हणजे मोठं ठिकाण ते होतं आणि आपण त्याच्या हाताखालचं खेडं! १९५१ मध्ये तिथेच ६८ जैन ब्राँझ मूर्ती मिळाल्या, पाचव्या ते बाराव्या शतकापर्यंतच्या. त्यातली मुकुट घातलेली जीवंतस्वामींची, म्हणजे राजपुत्राच्या वेशातल्या महावीरांची, मूर्ती एकदा तरी नीट उभं राहून बघावी अशी आहे. मूर्ती कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आहेत, आणि १८७९ ची ती बागसुद्धा याच नदीच्या काठावर. मूर्ती जिथे सापडल्या आणि जिथे ठेवल्या त्या दोन्ही जागा एका नदीवर असताना मधून एक साधी पायवाट काढायला काय हरकत आहे?

उतार जेसीबीने कापला की मगरीचं बीळ जातं आणि त्याच मातीतल्या जुन्या विटा, खापरंही जातात, मग ती कुठल्या थरातली होती हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून मशीन लावायच्या आधी एमएस युनिव्हर्सिटीच्या आर्किऑलॉजीवाल्यांनी आणि मगरींचा अभ्यास करणाऱ्यांनी काठ पायी फिरून बघावा, त्यांनी खुणा केलेल्या जागा सोडाव्यात, पायवाट उतारापासून लांब, वरच्या अंगाला असावी, आणि अकोट्यात अंकोट्टकची माहिती गुजराती, मराठी, हिंदीत लावावी. आणि हे सगळं टेंडर निघायच्या आधी त्यात लिहून घ्यावं, कारण काम सुरू झाल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे