सुमे, मनूने नोकरी सोडली

स्टॉकहोम, जुलै

प्रिय सुमन,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. भाऊजींना वाचून दाखवू नकोस, आणि नितीनकडे तर यातला शब्दही जाऊ देऊ नकोस, कारण त्याच्या सासूबाई आणि आमच्या वन्सं एकाच भिशीत आहेत. मी बरी आहे. ह्यांचा गुडघा तसाच, म्हणून तर ते आले नाहीत. तब्येतीचं एवढंच.

मनूने नोकरी सोडली. गेल्या वर्षीच सोडली, मला इथे आल्यावर कळलं. आता ती गाइडचं काम करते. हो, गाइडचं. कायमच्या वास्तव्याचा परवाना हातात पडेपर्यंत थांबली, मग राजीनामा दिला, इथला गाइड लोकांचा रीतसर अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली. गळ्यात ओळखपत्र, हातात घडीची लाल छत्री, आणि मागे चाळीस माणसं. ह्यांना यातलं काहीच माहीत नाही. ते अजून सोसायटीच्या कट्ट्यावर ‘आमची मुलगी स्वीडनला मोठ्या कंपनीत आहे’ म्हणून सांगतायत.

ऐकल्याबरोबर मला तू आठवलीस. वेरूळला सोळा नंबरच्या लेण्यापुढे उभी राहून तू कैलास कसा वरून खाली कोरत आणला ते सांगत होतीस, आणि आपल्या सहलीतल्या मुली राहिल्या बाजूला, भलतीच माणसं येऊन तुझ्याभोवती उभी राहिली होती. एका मारवाडी गृहस्थाने तर तुला पाच रुपये देऊ केले. त्याच वर्षी तू गाइडच्या परीक्षेचा तो अर्ज आणलास. आणि तो अण्णांना मी दाखवला नाही, सुमे. तुझ्या वहिनीने दाखवला. चाळीस वर्षं तू माझ्यावर आळ घेतेस आणि चाळीस वर्षं मी हेच सांगतेय. भेटलीस की पुन्हा भांडू. आज मला तू रागावलेली परवडणार नाहीस.

परवा मनूकडे पुण्याहून आलेल्या टूरची बस होती. म्हणाली, ‘आई, चल, मागच्या सीटवर बस, पण माझी आई म्हणून कुणाला सांगू नकोस.’ बसले. शेजारी कोथरूडच्या एक बाई होत्या, पर्समध्ये भडंग घेऊन. मनूने माइक हातात घेतला आणि स्वच्छ मराठीत सुरू झाली: हे शहर चौदा बेटांवर वसलंय, एका बाजूला मेलारेन सरोवराचं गोडं पाणी, दुसरीकडे समुद्र. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. रोख पैसे खिशातच ठेवा, इथे सगळीकडे कार्ड चालतं, बाहेरच्या स्वच्छतागृहांतसुद्धा, पण म्युझियममध्ये फुकट आहे, तेव्हा तिथेच जाऊन घ्या. बस एकदम खूश. सुमे, फोनवर दोन वर्षं ‘हो आई, ठीक आहे, आई’ याच्यापलीकडे न बोललेली मुलगी ही.

आधी सिटी हॉल. डिसेंबरच्या दहा तारखेला नोबेलवाल्यांचं जेवण होतं ना, ते इथे. १९२३ साली पुरी झालेली, ऐंशी लाख विटांची इमारत. आत आपलं आपण हिंडता येत नाही, ठरलेल्या वेळेच्या फेरीबरोबरच जायचं. त्या जेवणाच्या दालनाला निळा हॉल म्हणतात आणि निळं काहीच नाही, सगळा लाल. विटा निळ्या रंगवायचं ठरलं होतं, पण उघड्या विटा बघून वास्तुकाराचा जीव त्यांच्यावर बसला आणि त्याने रंग लावूच दिला नाही. वर सोनेरी हॉल. काचेत सोन्याचा वर्ख धरून केलेले एक कोटी ऐंशी लाख तुकडे भिंतींवर बसवलेत. समोरच्या भिंतीवर सरोवराची राणी, डोळे वटारलेली, केस सापांसारखे उठलेले. आणि एका भिंतीवर वरच्या टोकाला घोड्यावर बसलेला राजा एरिक आहे, त्याचं डोकंच नाही, छतात गेलंय. मोजमाप चुकलं. ते मनूने सांगताच सगळ्या माना एकदम वर! तुला तिथे न्यायला हवं होतं असं मला फार वाटलं.

मग गामला स्तान, म्हणजे जुनं गाव. ऐंशी-नव्वदीतल्या दोन आजी होत्या, फरसबंदी उंचसखल, एकीच्या पायात ऑर्थोच्या चपला. मनूने त्यांच्यासाठी वेगळा, चढ कमी असलेला रस्ता आधीच शोधून ठेवलेला, कुठे बाक आहे, कुठे टेकायला कठडा आहे, सगळं तोंडपाठ. अवघी नव्वद सेंटिमीटर रुंदीची, पायऱ्यांची एक गल्ली आहे, तिथे धडधाकट मंडळींना सोडलं आणि ही आजींपाशी थांबली. मुख्य चौकात १५२० साली डेन्मार्कच्या राजाने ऐंशीच्या वर माणसांची मुंडकी उडवली, तेही राज्याभिषेकाच्या मेजवान्या आटोपताच, सगळ्यांना माफी जाहीर करून झाल्यावर. हे सांगताना तिने आवाज चढवला नाही की हातवारे केले नाहीत. सगळे गप्प. मग त्याच चौकातल्या नोबेल म्युझियमच्या कॅफेत नेलं. तिथल्या खुर्च्यांच्या खाली, बसायच्या फळीच्या उलट्या बाजूला, नोबेल मिळालेले लोक सह्या करतात. झालं! आपल्या बायका खुर्च्या उलट्या करकरून बघतायत, कॅफेतली मुलगी हसतेय, आणि एक काका प्रत्येक खुर्चीखाली सी. व्ही. रामनांची सही शोधतायत. रामनांना बक्षीस १९३० साली मिळालं, म्युझियम आलं २००१ मध्ये, हे मनूने इतक्या हळुवारपणे सांगितलं की काकांचा हिरमोड झाला नाही.

फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात लोखंडाचा एक मुलगा आहे, जेमतेम वीतभर, गुडघे पोटाशी घेऊन चंद्राकडे बघत बसलेला. शहरातला सगळ्यात लहान पुतळा. हिवाळ्यात कुणी कुणी येऊन त्याला विणलेली टोपी-मफलर घालून जातं. तुझं ते नितीनच्या मुंजीपासून चालू असलेलं स्वेटर आहे ना, त्यात त्याची टोपी तरी नक्की निघेल.

जेवण एका भारतीय हॉटेलात, वरण-भात, कोशिंबीर, सगळे शांत झाले. आणि मग वासा, बुडालेल्या जहाजाचं म्युझियम. हे तुला नीट सांगते, कारण माझं जे काही व्हायचं ते तिथे झालं.

काळोखासारख्या उजेडात एक प्रचंड जहाज उभं आहे. ६९ मीटर लांब, आणि त्यातलं जवळजवळ सगळं लाकूड मूळचंच. थंडी चांगली वाजते, लाकडासाठी हवा मोजून-मापून ठेवलेली असते, म्हणून मनूने बसमध्येच सगळ्यांना शाली घ्यायला लावल्या होत्या. आजींसाठी तिने व्हीलचेअर मागून आणली. मग जहाजाच्या नाकासमोर सगळ्यांना अर्धगोलात उभं केलं.

१० ऑगस्ट १६२८. स्वीडनचा राजा प्रशियात लढाईवर, तिथून पत्रांवर पत्रं, जहाज लवकर पाठवा. तोफा ६४, दोन मजल्यांवर. ज्याने बांधायला घेतलं तो मुख्य कारागीर आदल्या वर्षीच वारलेला. निघण्यापूर्वी नौदलाच्या अधिकाऱ्यापुढे तीस खलाशांना डेकवर या काठावरून त्या काठावर पळवून बघितलं होतं. तीन खेपांत जहाज असं डोलायला लागलं की पळणं थांबवावं लागलं. तरी निघालं. सगळं शहर किनाऱ्यावर, तोफांच्या खिडक्या सलामीसाठी उघड्या. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं, खिडक्यांतून पाणी शिरलं. १३०० मीटर जाऊन बुडालं. तीसेक माणसं गेली.

कुणी श्वास घेत नव्हतं. मग व्हीलचेअरमधल्या आजींनी विचारलं, ‘मग शिक्षा कुणाला झाली गं?’ मनू त्यांच्यासमोर उकिडवी बसली, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला, आणि म्हणाली, ‘कुणालाच नाही, आजी. चौकशी झाली. कप्तानाला विचारलं, सुतारांना विचारलं. मापं राजाने मंजूर केलेली. मग बोलायचं कुणाला?’ आजी म्हणाल्या, ‘म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.’ मनू म्हणाली, ‘बऱ्याच जणांना.’ आणि मग उठून, सगळ्यांकडे बघत, पुढचं सांगितलं: ३३३ वर्षं जहाज पाण्यात टिकलं, कारण लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात जगत नाही. १९५६ मध्ये सापडलं, १९६१ मध्ये वर काढलं, मग वाळून तडकू नये म्हणून १७ वर्षं त्याच्यावर मेणासारख्या रसायनाचे फवारे मारत राहिले. ‘लोणच्यासारखं मुरवलं म्हणा ना,’ असं म्हणाली, आणि बायका हसल्या.

मी खांबामागे उभी होते. रडले, सुमे. आपल्या मुलीला जे येतं ते आपल्याला कधी दिसलंच नव्हतं याचं, की अभिमानाचं, मला नाही सांगता येत. कॉलेजात ती कॉम्प्युटरच्या पेपरात पहिली यायची ते मला माहीत होतं. समोरच्याच्या तोंडावरून त्याला काय कळलं नाही ते ओळखते, हे माहीत नव्हतं.

आणि तेवढ्यात त्या कोथरूडच्या बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘मुलगी गुणाची आहे हो. शिकलेली दिसते. मग हे असलं काम का करते? आईवडील कुठे असतात कोण जाणे.’ मी म्हटलं, ‘नाशिकला.’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हाला कसं माहीत?’ मी म्हटलं, ‘आडनावावरून.’

आता खरी काळजी सांगते. मला काम आवडलं, पण कामाने पोट भरायला हवं. जून ते ऑगस्ट बसायला फुरसत नाही, बोटींतून माणसं येतात, बसेस येतात. डिसेंबरात नाताळचे बाजार, लुसियाचा सण, नोबेलचा आठवडा, थोडं चालतं. मग जानेवारी ते मार्च? डिसेंबरात तर इथे दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. त्या अंधारात ही एकटी, काम नाही, घरभाडं मात्र दर महिन्याला. तिने मला वहीत हिशेब मांडून दाखवला. भुयारी रेल्वेच्या सहली करायच्या म्हणते हिवाळ्यात, शंभर स्टेशनं आहेत आणि नव्वदच्या वर स्टेशनांवर चित्रं-शिल्पं, पावसाबर्फाचा प्रश्न नाही, एका तिकिटात भागतं. मला घेऊन गेली. मधल्या स्टेशनात खडक तसाच ठेवून त्याच्यावर निळ्या वेली रंगवल्यात, आणि छतावर ज्यांनी ते स्टेशन बांधलं त्या कामगारांच्या आकृत्या, सुतार, वेल्डर, सगळे. तिथे ती बराच वेळ थांबली. हिशेब बरोबर आहे गं तिचा. पण तो हिशेब तब्येत धडधाकट धरून केलेला आहे, घसा बसला तर काय, पाय मुरगळला तर काय, हे त्यात नाही. आणि लग्न. स्थळवाल्यांना काय सांगायचं? आपल्याकडे गाइड म्हटलं की देवळाबाहेर बाही ओढणारा माणूसच डोळ्यांसमोर येतो, हे तुला मी सांगायला नको, अण्णांनी तुला तेच ऐकवलं होतं.

ह्यांचं भय वेगळंच. रागावतील म्हणून नाही. ते गप्प बसतील, आणि कट्ट्यावर जाणं बंद करतील. मी ह्यांना चांगली ओळखते.

म्हणून तुला विचारते, कारण दुसऱ्या कुणाला विचारू? तू तीस वर्षं आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवलास, चांगला शिकवलास, मुलं अजून नाव काढतात. पण तो अर्ज मनातून गेला का? शाळेची सहल वेरूळला जायची तेव्हा दर वर्षी तूच जायचीस, बाकीच्या बाई टाळायच्या, ते काय होतं? मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. गेला असेल तर तसं लिही, म्हणजे मी मनूला बसवून समजावेन की नोकरी बघ, हे सुट्टीत कर. गेला नसेल तर ह्यांच्याशी बोलायची ताकद मला तिथून मिळेल.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? चष्म्याचा नंबर ठरेपर्यंत भाकरी थापायला कुणाला तरी ठेव. नितीनच्या बढतीचं ऐकलं, पेढे बाकी आहेत. पुतणीच्या लग्नाला मी पोचत नाही, आहेर वन्संकडे दिलाय.

पेरांवर माणसं मोजते ती, बसमध्ये चढताना, सासूबाईंनी तिला जपासाठी शिकवलं होतं त्याच पद्धतीने, अंगठा एकेका पेरावरून सरकवत. संध्याकाळी सगळे हेलसिंकीच्या बोटीकडे निघाले तेव्हा चाळीस पेरं पुरी करून तिने ड्रायव्हरला हात केला. त्या आजींनी तिच्या हातात बळेच शंभराची नोट कोंबली, आपली, भारतातली. तिने घेतली.

मनूचा नंबर तुझ्याकडे आहेच. मी तुला लिहिलंय हे न सांगता एकदा फोन कर तिला, तुझ्याशी ती लहानपणापासून मोकळं बोलते. रविवारी नको, रविवारी तिच्या दोन फेऱ्या असतात. आणि मला उत्तर मी इथे आहे तोवरच पाठव, मेलवर. नाशिकच्या पत्त्यावर मुळीच नको, टपाल तेच उघडतात.

तुझी,
कुंदा