काटेरी रान म्हणजे पडीक जमीन नव्हे

महोदय,

हमिंगबर्डवर मराठीत काही छापून आले की सोबत हमखास धुक्यातल्या सदाहरित जंगलाचे चित्र असते. (आपल्या बागेत दिसतो तो शिंजीर, हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत.) मध्य अमेरिकेतल्या होंडुरन एमराल्ड या हमिंगबर्डला हे चित्र अजिबात लागू नाही. होंडुरासचा हा एकमेव प्रदेशनिष्ठ (जगात इतरत्र कुठेही न आढळणारा) पक्षी राहतो तो निवडुंगांच्या कोरड्या, काटेरी रानात. १९८८ मध्ये आगुआन खोऱ्यात ओलांचितोजवळ तो पुन्हा सापडला, तोवर तिथले बरेचसे रान केळीच्या बागा आणि गुरांच्या कुरणांनी गिळले होते.

त्याची मोजणी वाटते तितकी सोपी नाही. नराचा निळा-हिरवा गळा उजेड नेमक्या कोनातून पडला तरच चमकतो. सावलीत काळपटच दिसतो. म्हणून केवळ गळ्यावर नोंद करू नये. पोट पाहावे. या पक्ष्याचे पोट राखाडी-पांढरे असते, तर त्याच भागातल्या कॅनिव्हेट्स एमराल्ड या दुसऱ्या हमिंगबर्डच्या नराचे पूर्ण हिरवे आणि शेपटी खोल दुभंगलेली. शिवाय प्रत्येक ठिकाणी उमललेली फुले मोजलीच पाहिजेत. निवडुंग किंवा एरंडाच्या कुळातली पेडिलँथस फुललेली असली की पक्षी तिथे गोळा होतात. फुले सरली की पांगतात. एकाच फेरीत पक्षी दिसला नाही, म्हणून तो तिथून संपला असे ठरवणे चूक. वेगवेगळ्या ऋतूंत त्याच जागी पुन्हा जावे लागते.

अभ्यासासाठी पक्षी पकडायला जाळे लावायचे तर बारीक डोळ्यांचे, पहाटे, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तपासायचे. पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचा जीव उपाशी राहिला की थोड्याच वेळात गळून जातो. सोडण्याआधी एक भाग साखर, चार भाग पाणी असे द्रावण चोचीशी धरावे. मध किंवा रंग त्यात कधीही घालू नये. पावसात जाळे नकोच.

पश्चिमेकडच्या सांता बार्बारा भागातही तो सापडल्यावर २०११ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणले गेले. पक्षी वाढले असा याचा अर्थ नाही. शोध वाढला, एवढेच. आरेनालजवळ हवाई दलाच्या जमिनीवरचे सुमारे १,२०० हेक्टर रान राखीव आहे, पण बरेचसे उरलेले रान खासगी मालकीचे, तुकड्यातुकड्यांत आहे. तिथे निव्वळ झाडे लावून भागत नाही. गुरांना कुंपणाबाहेर ठेवायला हवे, नाहीतर निवडुंगाची रोपे तुडवली जातात. आणि कुरण साफ करताना जुने, उंच निवडुंग तरी उभे ठेवावेत, यासाठी जमीनमालकांना मोबदला मिळायला हवा.

– एक पक्षीअभ्यासक, नाशिक