एका कानाने ऐकणाऱ्यांचे काय?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रॉक अल्बमच्या नव्या, महागड्या आवृत्त्यांवर आलेला लेख वाचला. लेखकाला विषयाची गोडी आहे, हे दिसते. पण रिमास्टर आणि रिमिक्स यांची त्यांनी सरमिसळ केली आहे, आणि अशा प्रत्येक आवृत्तीतून स्टुडिओतला मूळ आवाज घरी येतो, असेही ठोकून दिले आहे. बीटल्स या इंग्लिश बँडच्या बाबतीत तरी हे खरे नाही आणि माझ्यासारखीला त्याचा रोजचा त्रास आहे, म्हणून हे पत्र.

माझा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी झाली, तिथे काही अडले नाही. हेडसेट एकाच कानाला लागायचा. अडते ते लोकलमध्ये इअरफोन घातल्यावर. बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’ या पहिल्या अल्बमची जुनी स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा आवाज देणारी, आवृत्ती लावली की पहिल्याच गाण्याच्या आधी पॉल मॅकार्टनीने मोजलेले वन-टू-थ्री-फोर खणखणीत ऐकू येते आणि त्यानंतर बँडच गायब! गळे तेवढे उजवीकडे. ड्रम, बेस, गिटार सगळे डावीकडे. गायकांच्या माइकमध्ये जेवढा झिरपला असेल, तेवढाच ड्रमवाला रिंगो माझ्या वाट्याला येतो.

असे का झाले, ते समजण्यासारखे आहे. त्या अल्बमची दहा गाणी लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली, ती दोन ट्रॅकच्या टेपवर. एकावर वाद्ये, दुसऱ्यावर गळे. हेतू हा, की निर्माते जॉर्ज मार्टिन यांना नंतर दोहोंचे प्रमाण जमवून मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज देणारी, टेप करता यावी. तेव्हा ब्रिटनमध्ये रेडिओ मोनो, घरोघरचे रेकॉर्ड प्लेयर बहुतेक मोनो आणि सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेली छोटी रेकॉर्ड, तर मोनोच. बीटल्सची तिथली पहिली स्टिरिओ सिंगल यायला १९६९ उजाडले. स्टिरिओ एलपी हा जोडधंदा होता. ‘लव्ह मी डू’ची तर दोन ट्रॅकची टेपच शिल्लक नव्हती, म्हणून मोनोलाच स्टिरिओचे सोंग चढवून ते त्या एलपीवर घातले गेले.

जाणकार मंडळी सांगतात, काकू, फोनच्या सेटिंगमध्ये मोनोचे बटण आहे, ते दाबा. दाबते की! त्याने दोन्ही बाजूंची बेरीज होते आणि या पहिल्या अल्बमला ती बऱ्यापैकी चालूनही जाते. पुढच्या अल्बमना चालत नाही. स्टिरिओत जे मधोमध ठेवलेले असते ते बेरजेत पुढे येते, कडेचे मागे पडते. आणि प्रश्न फक्त प्रमाणाचाही नाही; मोनो आणि स्टिरिओ ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळी बसवलेली मिक्स, म्हणजे गळे-वाद्यांच्या ट्रॅकची जुळणी, आहेत. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या मोनो मिक्सिंगवर बीटल्सनी स्वतः बसून लक्ष घातले, स्टिरिओचे काम स्टुडिओच्या माणसांनी त्यांच्या माघारी थोडक्या दिवसांत उरकले. त्यातले ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत अधिक जलद आहे आणि जवळजवळ अर्धा स्वर चढे. स्टिरिओत तीच मुलगी घर सोडताना पाय ओढत निघाल्यासारखी वाटते. ‘हेल्टर स्केल्टर’च्या स्टिरिओत शेवटी रिंगो बोटांना फोड आल्याचे ओरडून सांगतो, मोनोत गाणे त्याआधीच संपते. उलट ‘प्लीज प्लीज मी’ या गाण्याच्या स्टिरिओत जॉन लेनन शेवटच्या कडव्यात शब्द चुकतो आणि पुढची ओळ हसू दाबत गातो. मोनोत चूक नाही. फोनचे बटण दाबून यातले काय मिळणार?

मोनो म्हणजे गरिबाचे स्टिरिओ, हा समजही कुणी बाळगू नये. बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नसे. १९६६ चा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम त्याने मोनोतच बसवला. त्याचे स्टिरिओ मिक्स निघाले ते तीस वर्षांनी.

आता रिमास्टर आणि रिमिक्स. शिवून तयार असलेल्या कपड्याला नीट इस्त्री करणे म्हणजे रिमास्टर: मिक्स जुनेच, फक्त खरखर, उंच-खोल स्वरांचा तोल, आवाजाची पातळी एवढ्यावर हात फिरवायचा. रिमिक्स म्हणजे तोच कपडा उसवून नव्या मापाने शिवणे. ९ सप्टेंबर २००९ ला बीटल्सचे आले ते रिमास्टर. तेव्हा स्टिरिओ सीडींचा आवाज थोडा चेपून मोठा केला होता, मोनोला मात्र तसला दाब दिला नव्हता, त्यामुळे हळू आवाजाच्या जागा हळूच राहिल्या. पण मेख अशी, की स्टिरिओ सीडी सुट्या मिळत आणि मोनो हवी तर अख्खा संच घ्या. २०१४ मध्ये मोनो एलपी मूळ ॲनालॉग टेपवरून काढल्या आणि सुट्याही विकल्या, तो एक सन्माननीय अपवाद. २०१७ पासून जे चालले आहे ते रिमिक्स: ‘सार्जंट पेपर’, ‘व्हाइट अल्बम’, ‘ॲबी रोड’, ‘लेट इट बी’, ‘रिव्हॉल्व्हर’. करणारे जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स.

त्यांचे काम वाईट नाही. ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेळी एकाच ट्रॅकवर अडकलेले ड्रम, बेस आणि गिटार संगणकाने वेगळे काढले, ते ऐकून मीही चाट पडले. ‘रेड अल्बम’ या निवडक गाण्यांच्या संग्रहाच्या २०२३ च्या नव्या आवृत्तीत सुरुवातीच्या गाण्यांतले ड्रम मधोमध आले आणि मला उजव्या कानात रिंगो भेटला. त्याबद्दल कुणीही माझे आभार घ्यावेत. पण ‘सार्जंट पेपर’च्या रिमिक्ससाठी जाइल्सने आधार धरला तो मोनोचाच, ‘शीज लीव्हिंग होम’सुद्धा मोनोच्याच वेगावर आणले. मग ते मोनो मिक्स आहे तसे सुटे विकायला काय हरकत होती? भाच्याने तो बॉक्स लंडनहून आणला. आत सहा डिस्क. मोनो चौथीवर. बाकी पाच आणि जाडजूड पुस्तक दिवाणखान्यात शोभेला आहेत. पुस्तक वजनदार आहे, दाराला अडसर म्हणून चालेल, असे यजमानांचे मत.

थोडे विषयांतर, पण मुंबईचे म्हणून. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत एका चित्रपटाचे संगीत करायला आला. स्टुडिओत यंत्र मोनोच, म्हणून दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र थेट कलकत्त्याहून रेल्वेने मागवले गेले. त्याच दिवसांत ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याची वाद्यसाथ इथे मुद्रित झाली, त्यात हरिप्रसाद चौरसियांची बासरी आहे. आणि एवढा खटाटोप करून ते गाणे मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या मागच्या बाजूला बाहेर पडले ते मोनोत! त्याचे स्टिरिओ मिक्स १९७० मध्ये झाले. तेव्हा पहिला आवाज कोणता म्हणायचा, ते लेखकाने सांगावे.

जुन्या भावगीतांना एको चढवून ‘डिजिटल’ म्हणून विकणाऱ्यांचा हिशेब इथे काढत नाही. ते पत्र वेगळे लिहीन.

संपादक महाशय, कंपन्या माझे ऐकतील अशी आशा नाही, पण आपली पुरवणी ऐकू शकते. अशा आवृत्तीचे परीक्षण छापताना सोबत एवढे द्यावे: रिमास्टर आहे की रिमिक्स, कोणत्या सालच्या मिक्सवरून केले, मोनो आहे का, असल्यास सुटे मिळते की बॉक्समध्येच. चार ओळींचे काम आहे. बॉक्सच्या पाठीमागे बारीक अक्षरात बहुतेक सगळे छापलेले असते.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
डोंबिवली (पूर्व)