धूळ कोणाच्या नाकात गेली?

महोदय,

जनहित याचिकांना चाप लावा, अशी पत्रे हल्ली वाचते. अमेरिकेत कायदा शिकणारी माझी नात चवथीला डिचोलीत आली होती. नेवऱ्या करता करता तिने अमेरिकेतला 1992 सालचा एक खटला सांगितला. एका प्राणीरक्षक संस्थेची सदस्य श्रीलंकेत हत्ती-बिबटे पाहायला गेली होती. अमेरिकी मदतीच्या प्रकल्पामुळे ते संपतील, ही तक्रार. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, 'पुन्हा कधीतरी जाईन' एवढ्याने भागत नाही, जाण्याचा पक्का बेत कुठे आहे? स्वतःची हानी दिसली नाही, दावा निकाली. तिथल्या संघीय न्यायालयांना घटनेनुसार प्रत्यक्ष वादच ऐकता येतात.

मला आधी हसू आले. पण आमच्या वृंदावनातली तुळस खनिजाच्या ट्रकांनी किती वर्षे तांबडी केली! आम्ही कोर्टात गेलो नाही; अर्धा वाडा त्याच ट्रकांवर जेवत होता (माझा भाऊसुद्धा). गेली ती गोवा फाउंडेशन ही पर्यावरणवादी संस्था, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द झाली. अमेरिकेत त्यांना आधी धूळ खाल्लेला सदस्य उभा करावा लागला असता. आपल्याकडे स्वतःची हानी न झालेल्यालाही लोकहितासाठी कोर्टात जाता येते; सर्वोच्च न्यायालयाच्या 1981 च्या एस. पी. गुप्ता निकालाने ते दार उघडले. खोट्या याचिकेला जबर दंड करा, माझी ना नाही. दार कशाला लावता?

— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली