बाईंच्या आठवणीत मंगळवारचा सराव

सगळ्याजणींना नमस्कार. येत्या मंगळवारी संध्याकाळी 6 वाजता नेहमीच्या हॉलवर मंगळागौरीचा सराव बाईंच्या आठवणीत होईल. भाषणं नकोत, त्यांना ती कधी सोसलीच नाहीत! शाळेत दिवसभर गाणं शिकवून दमून आल्या तरी नवीन मुलीची पहिली फुगडी त्यांच्याबरोबरच व्हायची: पाय जुळवायचे, हातांना तिढा द्यायचा, अंग बिनधास्त मागे झोकायचं. तिचा आवाज पोचत नसेल तर गाण्याची पट्टी पेटीच्या काळी चारवरून खालच्या काळी तीनवर यायची. आम्ही कुरकुरायचो, ते निराळं. तर त्या दिवशी झिम्म्याला प्रत्येक जुनीने नवीच जोडीदारीण घ्यायची, आपापलं टोळकं नको. सूप, लाटणं घरून आणा. पेटीवर कोण बसणार, ते रविवारपर्यंत ग्रुपवर कळवा.