शिपवर जाणाऱ्या पोरांचं इंग्रजी

म्हापसा

प्रिय मित्रा,

डिचोलीत उच्चारांचा वर्ग काढतोयस, छान. सुरुवात कुठून करू म्हणून विचारलंस. ‘थँक्यू’तल्या ‘थ’पासून करू नकोस, एवढं आधी सांगतो. आपली पोरं तो आपल्या साध्या ‘थ’सारखाच म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. इंग्रजी उच्चारांच्या अभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली तेच मांडलं: परभाषिक आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा हा ध्वनी हुकला तरी चालतं. शब्दातला आघात, म्हणजे जोर कुठे द्यायचा तेही, त्यांनी शिकवायलाच हव्यात अशा गोष्टींच्या गाभ्यातून वगळलाय. तिथं मात्र माझं त्यांच्याशी पटत नाही. आपली पोरं शिपवर जातात, हॉटेलांत लागतात. समोरचा बरेचदा जन्मापासून इंग्रजी बोलणारा असतो, आणि तो आघातावरूनच शब्द ओळखतो.

‘डेझर्ट’ घे. जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘डे’ या तुकड्यावर दिलास तर वाळवंट. जेवणानंतरचं गोड हवं तर ‘डिझर्ट’, जोर दुसऱ्यावर. वेटरनं वाळवंट आणू का विचारलं तर गिऱ्हाईक हसून सोडून देईल, पण केबिन तेराऐवजी तीसला जेवण गेलं तर कोण हसेल? ‘थर्टी’त जोर पहिल्या अवयवावर, ‘थर्टीन’मध्ये दुसऱ्यावर, शिवाय शेवटचा ‘न’ नीट वाजवायचा. आता मेख अशी की ‘थर्टीन पीपल’ म्हटलं की जोर पहिल्यावर सरकतो, मग सगळी भिस्त त्या ‘न’वर.

जोर शिकवताना ज्या अवयवावर जोर नाही तो विझवायलाही शिकव. आपल्याला प्रत्येक अक्षर सारखं ठणकावून म्हणायची सवय. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’मधला ठळक पहिला ‘ओ’ ‘फोटोग्राफी’त ओळखू येईनासा होतो, नुसता ‘अ’ उरतो, आणि जोर दुसऱ्या अवयवावर जातो. मी पोरांच्या दोन्ही हातांत रबरबँड देतो. जोर आला की ताणायचं, नाहीतर सैल. थोड्या वेळात सगळा वर्ग हसतो, पण जमतं.

दुसरं म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. ओठांपुढे कागदाचा कपटा धरून ‘पेन’ म्हण. इंग्रजाचा कपटा उडतो, आपला हलत नाही. म्हणून आपला ‘पेअर’ त्याला ‘बेअर’ ऐकू येतो, ‘कोट’ ‘गोट’ होतो. आपल्याकडे ‘ख’ आणि ‘ठ’ तयार आहेतच. ‘कोट’ म्हणताना ‘ख’च्या वाटेनं थोडं जायचं. पण ‘स्पिन’, ‘स्टे’ यांत ‘स’नंतर वारा नको, तिथं आपलाच उच्चार बरोबर. हे ऐकून पोरांना केवढा धीर येतो!

‘व’चं मात्र थोडक्यात आटोप: ‘व्हॅन’ला वरचे दात खालच्या ओठाला, ‘वॉटर’ला ओठांचा चंबू.

शुक्रवारी बाजाराला इकडे येणार असशील तर कळव. शब्दांच्या जोड्यांची वही देतो, झेरॉक्स काढून परत दे.

तुझाच