दशावतारातल्या बाबांना त्यांची अंगकाठी परत देणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘बरा, बरा’ म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. शिवाय आपल्या सिंधुदुर्गात कितीतरी घरांतल्या कपाटांत दशावताराच्या कॅसेटी पडून आहेत. त्या घरांतल्या मुलांनाही तुम्ही सांगितलेलं उपयोगी पडेल.

बाबांच्या स्त्रीपार्टाच्या व्हीएचएस कॅसेटी ज्या दुकानातून डिजिटल करून आल्या, तिथे ४:३ चं, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराचं चित्र ओढून १६:९ च्या, म्हणजे आताच्या रुंद पडद्याच्या चौकटीत बसवलं होतं. नऊवारीतले बाबा एक तृतीयांशाने रुंद झाले होते! एवढ्यात कॅसेटींना बुरशी लागली, त्यामुळे पुन्हा उतरवून घ्यायची सोय नव्हती. बाबा काही बोलले नाहीत, पण आई म्हणाली, “हे कोण?”

तुम्ही फाइल बघितली आणि बाबांकडे लक्षच दिलं नाहीत. देवळातल्या भिंतीवरचं घड्याळ शोधलंत, तेही कॅमेऱ्याच्या अगदी समोर येणारं, कारण बाजूने घेतलेलं घड्याळ तसंही लंबगोलच दिसतं. त्याची रुंदी आणि उंची स्क्रीनवर मोजलीत. १९२० बाय १०८० च्या त्या फाइलला मग व्हिडिओ संपादनाच्या प्रीमिअर या प्रोग्राममध्ये ‘युनिफॉर्म स्केल’ची (रुंदी-उंची एकत्रच बदलण्याची) खूण काढून टाकून रुंदी ७५ टक्के, उंची तशीच. चित्र १४४० बाय १०८० झालं, घड्याळ गोल झालं आणि बाबा बाबांसारखे दिसायला लागले.

कडेला २४० पिक्सेलच्या दोन काळ्या पट्ट्या उरल्या. मी म्हटलं, चित्र मोठं करून भरून टाकू. तुम्ही हिशेब मांडलात: स्क्रीन भरायची तर उंचीचा चौथा हिस्सा कापावा लागेल, म्हणजे राजाचा मुकुट तरी जाईल नाहीतर पाय तरी. पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राची धूसर मोठी प्रत लावायची हल्लीची फॅशन तुम्हाला आवडत नाही. मलाही नाही. नाटकाच्या मागे दुसरं नाटक कशाला?

मिनी-डीव्हीच्या, म्हणजे छोट्या डिजिटल टेपांचं दुखणं निराळं होतं. तिथे फाइल शाबूत, पण माणसं काठीसारखी बारीक. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी वहीत लिहून ठेवलंय: “पिक्सल चौकोनीच असता, असा तुका कोणी सांगल्यान?” पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीच्या डीव्हीची चौकट ७२० बाय ५७६. हे आकडे ना ४:३ चे, ना १६:९ चे. दोन्ही प्रकारचं चित्रण त्याच आकड्यांत साठवलेलं असतं. पिक्सेल किती रुंद करून दाखवायचा, एवढाच फरक. मंडळाच्या नव्या कॅमेऱ्यावर वाइड मोड सुरू होता, पण तशी खूण फाइलपर्यंत पोचलीच नव्हती. प्रीमिअरच्या ‘इंटरप्रिट फूटेज’मध्ये जाऊन तुम्ही पाल वाइडस्क्रीनचा १.४५८७ (पिक्सेल उंचीच्या किती पट रुंद दाखवायचा तो आकडा) निवडलात आणि झालं. ना ओढाताण, ना पुन्हा रेंडर. साध्या ४:३ च्या टेपांना १.०९४०. जुन्या आवृत्त्यांत हाच आकडा १.०६७ होता. हा फरक का, तर ७२० मधले दोन्ही कडांचे आठेक पिक्सेल खऱ्या चित्रात धरायचेच नसतात, हे तुम्ही चहा निवेपर्यंत समजावत बसलात. तेवढा वेळ आता कोण कोणाला देतो?

आणि लढाईचा प्रवेश! तलवारींच्या कडांना कंगव्याचे दात दिसत होते. या टेपांत प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डमध्ये, साठवलेली असते; ती अर्धी चित्रं सोडवणं म्हणजे डी-इंटरलेस. आधी डी-इंटरलेस, मग आकार बदलायचा, हा क्रम तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलात. उलट केलं तर ते दात चित्रभर पसरतात. सेकंदाला २५ फ्रेम न ठेवता ५० फील्डच्या ५० फ्रेम करायला लावल्यात. त्यामुळे मृदंगाच्या लयीवरची गिरकी आता अडखळत नाही.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ए’ दाबलं की चित्र सरळ दिसतं, हा उपाय मला गावातल्या दोघातिघांनी सांगितला होता. त्याने फक्त समोरचं दिसणं बदलतं, फाइल तशीच राहते, हे सांगणारे तुम्ही एकटे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्यावर आता वाद घालत नाही. पेन ड्राइव्ह पाठवते आहे. मूळ फाइली हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, तुमच्याच सांगण्याप्रमाणे. माळ्यावरच्या, तुम्ही शूट केलेल्या लग्नांच्या टेपा उतरवायच्या असतील तर दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आहे. घड्याळ मी शोधीन, तुम्ही फक्त बसा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
मुकुट कापायला निघालेली पुतणी